सही कुणाची, पुस्तक कुणाचं?



श्रुतपंचमी झाली की पावसाचे वेध लागतात. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण मंदिरातले ग्रंथ बाहेर काढतो, पुसतो, जुनं वेष्टन सोडून नवं बांधतो. गेली काही वर्षं त्याच दिवशी दुपारी मी घरातलं एक कपाटही उघडते. त्यात धर्मग्रंथ नाहीत. फोटोंची अकरा पुस्तकं आहेत, आणि बहुतेकांवर फोटो काढणाऱ्याची सही आहे.

"साड्या जमवायच्या सोडून हे काय?" असं मला पुष्कळजणींनी विचारलंय. ही पुस्तकं लग्नाच्या अल्बमसारखी नसतात. खऱ्या माणसांचं खरं जगणं वर्षानुवर्षं टिपणाऱ्या छायाचित्रकारांची ती असतात. संदेश भंडारे यांनी गावोगाव फिरून तमाशाच्या फडांचे फोटो काढले, वारीचे काढले, आणि दोन्हींची मराठीत पुस्तकं झाली. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. नाक मुरडून आपण ज्याच्याकडे पाठ फिरवतो ते काम, आणि ते करणारी माणसं, त्या फोटोंतून आपल्याकडे बघतात. ओलवे यांना 2016 साली पद्मश्री मिळाली.

अशी पुस्तकं थोड्याच प्रती छापतात. कागद जाड, छपाई महाग. एकदा संपली की पुन्हा निघतीलच असं नाही. म्हणून सहीच्या प्रतीला पुढे भाव येतो. जमवणाऱ्यांच्या बाजारात नुसती सही असलेली प्रत जास्त चालते, 'अमुकताईंना सप्रेम' असं लिहिलेली कमी. मी मात्र नाव घालूनच सही मागते. मला ती विकायची नाही, आणि पुढे कधी मोह झाला तर माझंच नाव मला आडवं येईल!

पण आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणासाठी.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई फरशी पुसत होत्या. टेबलावर सफाई कामगारांचे फोटो असलेलं पुस्तक उघडं होतं. त्या थांबल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, ह्यात आमच्यासारखी बाई हाय व्हय?" आणि पान उलटायला हात पुढे केला. माझ्या तोंडातून पटकन निघालं, "थांबा, हात ओले आहेत तुमचे." त्यांनी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि पुन्हा फडकं उचललं. एक शब्द बोलल्या नाहीत.

हात ओले होते हे खरंच. पण कोरडे असते तरी मी 'या, बसा, बघा' म्हटलं असतं का? त्या रात्री मला झोप लागली नाही. कष्टकरी बाईचं जगणं जगाला दिसावं म्हणून काढलेलं पुस्तक मी कष्टकरी बाईपासूनच जपत होते.

आणि पाहुण्यांना मी त्यात काय दाखवत होते? सही! फोटोतली माणसं नंतर.

सहीचं मोल मी कमी लेखत नाही. बाईच्या सहीचं तर मुळीच नाही. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या, माणेकशा यांच्या नावाने छापून यायचे. पुढे त्यांनी 'डालडा 13' असं टोपणनाव घेतलं. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्या कामाखाली आपलं नाव यायला एका बाईला किती वाट बघावी लागते ते यातून कळतं. म्हणून छायाचित्रकाराने सही करावी, ठसठशीत करावी.

पण फोटोत जी माणसं आहेत त्यांच्या नावाचं काय? 1984 च्या भोपाळ वायुकांडानंतर रघु राय यांनी काढलेला एक फोटो तुम्ही पाहिला असेल. मातीत पुरलं जाणारं लेकरू, उघडे डोळे, आणि चेहऱ्यावरून फिरणारा एक हात. पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही त्याच लेकराचा रंगीत फोटो काढला. जगाने दोन्ही छायाचित्रकारांची नावं लक्षात ठेवली. ते लेकरू मात्र 'अनोळखी बालक' म्हणूनच राहिलं. यात त्यांचा दोष नाही. फोटो काढला नसता तर तेवढंही उरलं नसतं. पण असं पुस्तक कपाटात ठेवताना ते नसलेलं नाव आपल्याला टोचलं पाहिजे, असं मला वाटतं.

याउलट दयानिता सिंग यांचं मोना अहमद यांच्यावरचं 2001 चं पुस्तक बघा. मोना दिल्लीच्या, तृतीयपंथी समाजातल्या. त्या पुस्तकात फोटोंबरोबर मोनांचे स्वतःचे शब्द आहेत, त्यांनी प्रकाशकाला पाठवलेल्या ईमेलमधले. फोटोतलं माणूस तिथे स्वतः बोलतं.

आता अपरिग्रहाचा प्रश्न. तो माझ्या सासूबाईंनीच विचारला, "अगं, उघडून बघायचं नाही तर घ्यायचं कशाला? आणि किती घेणार?" दोन्ही प्रश्न रास्त होते. आपण श्राविका काही सर्वसंगपरित्याग करत नाही, पण परिग्रह-परिमाण आपल्याला सांगितलं आहे. वस्तू किती ठेवायची त्याची मर्यादा आधीच बांधून घ्यायची. मी अकराची बांधली. बारावं आलं की एक वाचनालयाला जाणार. मोजून ठेवलं की हव्यास कमी होतो, आणि जे आहे ते नीट बघून होतं.

आपली परंपराही ग्रंथ कुलपात ठेवायला शिकवत नाही. दानचिंतामणी अत्तिमब्बे आठवा. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती त्यांनी लिहवून घेतल्या आणि वाटल्या असं सांगतात. छापखाना नसलेल्या काळात, हजार वर्षांपूर्वी! आपल्या जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी प्रशस्ती असते. ग्रंथ कुणी लिहवला आणि कुणाला दिला ते तिथे लिहिलेलं असतं, आणि त्यात श्राविकांची नावंही सापडतात. माझ्या मते तीसुद्धा सहीच. फरक एवढाच की ती 'हे माझं' असं म्हणत नाही, 'हे मी दिलं' असं म्हणते.

जपायचं कसं तेही सांगते, कारण आपल्याकडच्या पावसात पुस्तकं फार लवकर बिघडतात. या पुस्तकांचा कागद गुळगुळीत, आर्ट पेपरचा. तो भिजला तर पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की फोटोच निघून येतो. म्हणून मी आधी सगळी प्लास्टिकमध्ये बंद केली होती. ते चुकलंच. आत दमट हवा कोंडली आणि दोन पुस्तकांना बुरशी आली. आता सुती कापडात गुंडाळते, ग्रंथांना बांधतो तसंच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवते. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड पुरचुंडीत बांधून ठेवते. कसर मारण्यापेक्षा ती येऊच नये हे बरं. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पुस्तक वारंवार उघडणं. हात फिरत राहिला की पानांना वारा लागतो.

म्हणून यंदा श्रुतपंचमीला दुपारी चटई अंथरली आणि अकराही पुस्तकं मांडली. त्या बाईंना आठवडाभर आधी सांगितलं होतं, "काम आवरून निवांत या, लेकीलाही आणा." त्या आल्या. मी आधी माफी मागितली. "असू द्या वो वहिनी, मी कधीच इसरले," म्हणाल्या. इसरल्या नव्हत्या, कारण पुस्तकाला हात लावण्याआधी त्यांनी तळवे उलटसुलट करून कोरडे आहेत का ते बघितलं. ते बघून मला जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

मग तासभर त्यांनी एकेक पान बघितलं. लेक सही बघत होती, आई माणसं. "ही कुठली? हिचं नाव काय?" असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. बऱ्याच ठिकाणी मला सांगता आलं नाही.

सूनी तारापोरवाला यांनी आपल्या पारशी समाजाचे फोटो काढून 2000 साली पुस्तक केलं. समाज लहान, म्हणून तो नोंदवून ठेवायची गरज मोठी. आपल्या घरातल्या आज्या, पापड लाटणाऱ्या जावा, शेतातल्या आणि घरकामाच्या बायका यांचे फोटो आपल्या मोबाइलमध्ये हजारांनी आहेत. त्यातले दहा कागदावर काढून घ्या. मागे नाव, गाव, तारीख लिहा आणि जिचा फोटो आहे तिचीच सही घ्या. सही येत नसेल तर अंगठा घ्या.

माझ्या कपाटात आता बाराव्या पुस्तकाला जागा नाही. पण असा एक फोटो त्या पुस्तकात ठेवलाय. मागे त्या बाईंनी स्वतःच्या हाताने, अक्षरं लावत, पूर्ण नाव लिहिलंय.