घरांतील औषधी : लसूण

भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें मोरा बंदरास उतरणाऱ्या मनुष्यास सुक्या मासळीच्या जोडीला दुसरा वास येतो, तो कोळीवाड्यांतील लसणाच्या फोडणीचा. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं हा वास चातुर्मासांत उंबऱ्याच्या आंत येत नाहीं. कांहीं घरीं तर बारा महिने येत नाहीं. तथापि बाळंतिणीच्या खोलींत ओंव्याबरोबर लसणाची धुरी त्याच घरांतून चालत आली आहे. तेव्हां या पदार्थाचा थोडा विचार दोन्हीं पंगतींस उपयोगी पडेल.

लसूण हा कांद्याचा सख्खा भाऊ. परंतु कांदा बियांपासून होतो, लागवडीच्या लसणास बहुधा बीं धरतच नाहीं. कुडी म्हणजे पानाच्या बगलेंतील फुगलेला कोंब. तोच मातींत टोंचला कीं नवा गड्डा तयार होतो. त्याचें मूळ माहेर मध्य आशियांत. गड्डा धरण्यास थंडी हवी, म्हणून आपल्याकडे त्याची लागवड मुख्यत्वें देशावर. राजगुरुनगर येथें कांदा-लसूण संशोधनाची केंद्रीय संस्थाहि १९९८ पासून आहे.

सहा रसांपैकीं आम्ल तेवढा उणा, म्हणून ‘रसोन’, अशी व्युत्पत्ति वैद्यकग्रंथ देतात. राहूच्या रक्तापासून तो उपजला, यास्तव ब्राह्मणांस वर्ज्य, असेंहि ते सांगतात. परंतु जुन्या वैद्यांनीं यांतूनहि वाट काढली होती. १८९० सालीं कुचा येथें बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हातीं आलेल्या हस्तलिखिताच्या पहिल्या भागाचा आरंभ लसणावरच आहे. गाईस तीन दिवस जवळजवळ उपाशी ठेवून मग गवतांत लसणाची पात मिसळून चारावी, आणि ब्राह्मणानें तिचें दूध, दहीं, तूप सेवन करावें, अशी युक्ति त्यांत आहे! लसणाचा वास दुधांत उतरतो हें खरें. गुणहि तितकाच उतरतो असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं.

कारण त्या गुणाची उत्पत्तीच मोठी चमत्कारिक आहे. अखंड कुडीस वास जवळजवळ नसतो. तिच्या पेशींत ‘ॲलीइन’ हें गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यांत, आणि त्याचें रूपांतर करणारें विकर दुसऱ्या कप्प्यांत असतें. वरवंटा पडतांच मधली भिंत फुटते, दोघांची गांठ पडते व क्षणांत ‘ॲलिसिन’ हें उग्र द्रव्य निर्माण होतें. १९४४ सालीं अमेरिकेंत कॅव्हॅलिटो व बेली यांनीं तें वेगळें काढून जंतुनाशक असल्याचें दाखविलें. उष्णतेनें विकर मरतें. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटें तसाच राहूं द्यावा, मग फोडणींत घालावा. अख्ख्या कुड्या तळणाऱ्यांनीं चवीवर समाधान मानावें.

औषध म्हणून अपेक्षा बेताचीच असावी. वाढलेला रक्तदाब लसणानें थोडा उतरतो असें कांहीं प्रयोगांत दिसलें आहे, परंतु डॉक्टरांची गोळी बंद करण्याइतका नव्हे. तो रक्त पातळ करण्यास हातभार लावतो. अशी औषधें घेणाऱ्यांनीं व शस्त्रक्रिया ठरलेल्यांनीं वैद्यास आधीं विचारावें. कच्चा ठेचा मुलांच्या कातडीवर बांधूं नये, फोड येतात. कान वाहत असतां लसणीचें तेल घालणें तर सर्वथा टाळावें. आणि तेलांत बुडविलेला लसूण बरणींत बाहेर ठेवण्याची हौस नको : १९८५ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें अशाच तेलांतील लसणामुळें ३६ जणांस बॉट्युलिझम ही भयंकर विषबाधा झाली होती. घरीं करावयाचें तर थोडें करावें, शीतकपाटांत ठेवावें व दोन-चार दिवसांत संपवावें.