जुना क्रमांक पुसू नका : पाथरीचे दप्तर आणि हरवणारे संदर्भ

१/ जुने दप्तर नव्या यादीत, नव्या क्रमांकांनी लावले की जुने क्रमांक टाकून द्यावेत, असे मानणारा एक वर्ग आहे. कागदांची छायाचित्रे संगणकात आली, शोधले की सापडते, मग जुन्या क्रमांकांचे ओझे कशाला? हा युक्तिवाद सोयीचा आहे आणि साफ चुकीचा आहे. परभणी जिल्ह्यातील पाथरीचे उदाहरण पाहावे.

२/ आईन-इ-अकबरीत पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार आहे. परभणी, जिंतूर, वसमत, नांदेड हे त्यातले महाल. फेरिश्ता निजामशाही घराण्याचे मूळ याच पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांत सांगतो, आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामशाही व इमादशाही पाथरीसाठीच झगडल्या. 'सरकार पाथरी' खोडून 'ता. पाथरी, जि. परभणी' लिहिणारा अभ्यासक वाचकाची सोय करत नाही. एवढा मोठा मुलूख तो एका तालुक्यात कोंबतो.

३/ निजामी अमलातील कागदांवर फसली साल असते. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. मूळ साल व महिना गाळून नुसते '१९४८' लिहिले, तर कागद सप्टेंबरातील पोलीस कारवाईच्या आधीचा की नंतरचा, हेच कळेनासे होते. मराठवाड्याच्या इतिहासात याहून मोठा फरक कोणता?

४/ आता जमीन. एकत्रीकरण योजनेत गावोगावच्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. कुठे अनेक सर्व्हे नंबर मिळून एक गट झाला, आणि नव्या आकड्यावरून जुना ओळखता येईना. निजामाच्या काळातील इनामाच्या मुंतखबात मात्र जुनाच आकडा आहे. जुन्या-नव्याचा मेळ दाखवणारे पत्रक गहाळ झाले, तर मुंतखब अस्सल असूनही त्यातली जमीन कोणती, हे दाखवता येत नाही. कागद शाबूत, पत्ता बेपत्ता.

५/ गंमत अशी की, ज्या महसुली कारभाराला नावे ठेवण्यात आपली हयात जाते, त्याला हे कळलेले आहे. संगणकीकृत सातबारा पाहावा : त्यावर 'जुने फेरफार क्र.' अशी नोंद असते आणि पुढे कंसांत आकड्यांची रांग. दिसायला रूक्ष, पण हस्तलिखित फेरफार-वहीकडे परतण्याची वाट तीच. तलाठ्याच्या उताऱ्याला जे जमते, ते इतिहासाच्या पुस्तकांना आणि संग्रहांच्या नव्या सूचींना का जमू नये?

६/ युरोपातील शिरस्ता पाहावा. स्तेफानुसने १५७८ मध्ये प्लेटोचे ग्रंथ छापले. त्या आवृत्तीचे पृष्ठांक आजही नव्या आवृत्त्या आणि भाषांतरे समासात छापतात. आपल्याकडे तुकोबांच्या गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि प्रत न सांगता 'अभंग क्र. अमुक' असे आपण बिनदिक्कत लिहितो.

७/ हा केवळ पंडितांचा काथ्याकूट नव्हे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रके, पहाणी पत्रके, मोडी आणि उर्दू कागद बाहेर निघाले. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो. आजोबा-पणजोबांची नोंद शोधणाऱ्या कुटुंबाला गाव, साल, दप्तर व पान यांवाचून मिळालेले छायाचित्र काय कामाचे? ती नोंद कोणत्या वहीतली, असे उद्या कोणी विचारले, तर दाखवायचे काय?

८/ म्हणून नवी सूची करणाऱ्यांकडे मागणी एकच : नव्या क्रमांकाशेजारी जुन्या क्रमांकाचा रकाना ठेवा, आणि तो छायाचित्रावरही उमटू द्या. गावांच्या बाबतीत जुना तालुका आणि जुना जिल्हाही नोंदवा. परतूर तालुका १ मे १९८१ रोजी परभणीतून नव्या जालना जिल्ह्यात गेला, आणि १९९९ मध्ये हिंगोली वेगळी झाली. त्याआधीच्या कागदांवर या गावांचा जिल्हा परभणीच आहे, आणि शोधणारा आज जालन्यात किंवा हिंगोलीत चौकशी करतो आहे.