खड्ड्याचा धनी कोण?

टेकडीवरचे सुरुंग एके दिवशी थांबतात, खडीचे ट्रक शेवटची फेरी करून निघून जातात आणि गावापाशी उरतो तो एक प्रचंड खड्डा. ठेकेदाराचा करार संपलेला असतो. सरकारी तिजोरीत स्वामित्वधन जमा झालेले असते. पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरतो. त्याला ना कुंपण, ना उतार. त्यात गुरे पडतात, कधी पोरेही बुडतात. या खड्ड्याचा धनी कोण, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. नफ्याला मालक आहे, हानीला मात्र नाही, हेच आपल्याकडील वाळू-खडीच्या व्यवहाराचे खरे स्वरूप होय.

आमचा खाणकामास सरसकट विरोध नाही. वाळू-खडीवाचून गरिबाचे घरकुल उभे राहत नाही आणि कालवाही बांधला जात नाही. प्रश्न आहे तो खोदणे आणि जमीन पूर्ववत करणे या एकाच आराखड्याच्या दोन बाजू मानावयाच्या की नाही, हा. आज पहिल्या कामाला लिलाव आहे, मुदत आहे, महसूल आहे. दुसऱ्याला केवळ आश्वासन आहे.

1957 च्या खनिज कायद्याने वाळू व दगड यांना ‘गौण’ ठरवून त्यांचे नियम करण्याचे अधिकार राज्यांकडे सोपविले. मोठ्या खनिजांच्या खाणींना 2003 पासून खाण बंद करण्याचा आराखडा व आर्थिक हमी बंधनकारक झाली. गौण खनिजांना ती शिस्त लागली नाही. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालील पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली आणि राज्यांना नियम करण्यास बजावले. महाराष्ट्राचे नियम 2013 मध्ये आले. परंतु त्यानंतर गाजला तो भावाचा वाद. 2023 मध्ये सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आले. 2025 मध्ये पुन्हा लिलावाची वाट धरली गेली. विकणारा बदलला, नदीचे पात्र आणि टेकडी मात्र चर्चेच्या कडेलाच राहिली.

वाळू आणि दगड यांचा स्वभाव भिन्न आहे, हे नियोजनकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. वाळू पुराबरोबर पुन्हा येते. परंतु धरणे ती अडवितात आणि पात्रातील वाळूच भूजल धरून ठेवते. म्हणून पावसाळ्यात जेवढी भर पडली, तेवढाच उपसा, हे तेथील सूत्र असावयास हवे. फोडलेली टेकडी मात्र परत येत नाही. तेथे वरची सुपीक माती पहिल्याच दिवशी बाजूला राखली पाहिजे, खोदाई पायऱ्यापायऱ्यांनी झाली पाहिजे आणि एका भागात खोदकाम चालू असतानाच संपलेल्या भागाची भरणी व्हावयास हवी. अखेरीस तेथे चराई होणार, झाडे लागणार की मत्स्यतळे होणार, हे सुरुंग लावण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

हे स्वप्नरंजन नव्हे. भांडवलशाहीच्या माहेरघरात, कॅलिफोर्नियात, 1975 च्या कायद्यानुसार भूपुनर्स्थापनेचा मंजूर आराखडा आणि आर्थिक हमी यांखेरीज खाण चालविता येत नाही. अनामतीने खडी महाग होईल, असे ठेकेदार म्हणतील. त्यांना आमचे उत्तर असे की, ही किंमत आजही चुकती होतेच आहे. फक्त ती आटलेल्या विहिरींच्या आणि नापीक शेतांच्या रूपाने गाव चुकते करीत आहे. शिवाय भरणीचे काम सरकारच्या रोजगार योजनेतून करून ठेकेदाराला मोकळे सोडणे हा अन्याय ठरेल. त्याच्या अनामतीतून, दगड फोडून धूळ खाणाऱ्या त्याच मजुरांना भरणीची मजुरी मिळाली पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तीन गोष्टी मागाव्यात : भरणीचा आराखडा, अनामतीची पावती आणि दरवर्षीची तपासणी. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजांच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची पूर्वशिफारस 1996 च्या पेसा कायद्याने अनिवार्य केली आहे. तेथे हा हक्क जागवावा. अन्यत्र तो मिळविण्यासाठी लढावे. जमीन आज ठेकेदाराच्या ताब्यात असेल, पण उद्या ती नांगरणाऱ्याकडेच परत यावयाची आहे. ती कशी परत येणार, याचे लेखी उत्तर मिळाल्याखेरीज पहिली कुदळ पडू देता कामा नये.