पिकअप घ्या, पण दारावरची चिठ्ठी वाचून

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातलगांचे फोटो मोबाईलवर येतात, त्यात बऱ्याचदा एखादी अवाढव्य पिकअप उभी असते. वर्गातली मुलं विचारतात, "सर, यातली भारी कोणती?" मी उलट विचारतो, गाडीत बसणार किती जण आणि मागे ओढायचं काय?

तिथे काही कंपन्या जड पिकअपला डोंगर-चिखलाचा साज कारखान्यातूनच चढवून देतात. त्यातलं जुनं नाव 'पॉवर वॅगन'. डॉजने ती १९४६ साली आणली, आज ती रॅम २५०० वर मिळते. तिचे पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात, म्हणजे एक चाक हवेत लटकलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. पुढचा अँटी-रोल बार बटण दाबताच सुटतो आणि चाकं खड्ड्यात खोल उतरतात. बंपरमध्ये सुमारे ५,४०० किलो ओढणारा विंच असतो. फोर्ड सुपर ड्यूटीचं 'ट्रेमर' २०२० च्या मॉडेलपासून आलं: ३५ इंची टायर, लॉक फक्त मागे, विंच हवा तर जादा पैसे. शेवरले सिल्व्हराडो एचडीची 'झेडआर२' २०२४ ची. तिलाही ३५ इंची टायर. तिची पुढची चाकं स्वतंत्र, रॅम-फोर्डला मात्र पुढे सलग अ‍ॅक्सल.

खडकावर पॉवर वॅगन सरस, हे मान्य. पण चाकं इतकी मोकळी हलावीत म्हणून तिच्या स्प्रिंगा मऊ ठेवल्या आहेत, आणि तिथेच पाणी मुरतं. साध्या रॅम २५०० चे काही प्रकार दीड टनाहून जास्त वजन वाहतात. पॉवर वॅगन जेमतेम ७०० किलो.

आता गणित मांडू. घरची पाच माणसं, सरासरी ७५ किलो, झाले ३७५. उरले ३२५. मागे जोडलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार गाडीवरच पडतो. बारा टक्के धरले, तर २,७०० किलोच्या ट्रेलरलाच ते ३२५ किलो संपले. सामान, चुलीचं सिलिंडर, पाण्याचे कॅन अजून चढायचेच आहेत! माहितीपत्रकात मात्र ओढण्याची क्षमता साडेचार टनांहून जास्त छापलेली. आकडा खोटा नाही, पण तो माणसांनी भरलेल्या गाडीचा नाही.

जादा भाराने मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, ब्रेक उशिरा लागतात. हे उतारावर, मागे मुलं बसलेली असताना कळून काय उपयोग?

झेडआर२ सुमारे ८,४०० किलोपर्यंत ओढते. ट्रेमरही डिझेल इंजिनासह मिळते. कुटुंब आणि मोठा ट्रेलर दोन्ही असतील तर मी याच दोघींत निवड करीन. दोनच माणसं, तंबू आणि वाळवंटाचा शौक असेल तर पॉवर वॅगन खुशाल घ्यावी. तिकडच्या भाच्याला एवढं जरूर कळवा: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर त्याच गाडीचा, माणसांसकट भाराचा आकडा चिकटवलेला असतो. सही करण्याआधी त्याचा फोटो घरी पाठव म्हणावं.