पाच मिनिटांची मुक्ती

‘तणावमुक्ती’ हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या पोटात काय आहे हे तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर, बँकांच्या प्रशिक्षणवर्गांत, सरकारी कचेऱ्यांच्या परिपत्रकांत तो भेटतो, आणि बहुधा त्याच्या शेजारी योग असतो. हा योग थोडक्या वेळात उरकणारा असतो. पाच मिनिटे, दहा मिनिटे, फार झाले तर अर्धा तास. खुर्चीवर बसून मान वळवायची, खांदे फिरवायचे, डोळे मिटून श्वास मोजायचा आणि पुन्हा कामाला लागायचे. सातारा-सांगलीच्या परिसरात मराठी शिकवणारे आम्ही काही जण ह्या प्रकाराबद्दल दोन शब्द कडकपणे बोलू इच्छितो. ते योगाविरुद्ध नाहीत हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली योगाविषयी काहीही बोलले की माणूस कुठल्या गोटातला हे अगोदर ठरवले जाते.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत ‘तणावा’ म्हणजे तंबूची दोरी. तिचे एक टोक कापडाला आणि दुसरे जमिनीतल्या खुंटीला. दोरी ताणलेली असते ती ह्या दोन टोकांमुळे. तो दोरीचा स्वभाव नव्हे. आजच्या ‘तणाव’ शब्दातून मात्र दुसरे टोक गळून पडले आहे. तणाव आता माणसाच्या आत असतो, जसा ताप असतो किंवा पित्त असते. तो कशाला बांधला गेला आहे हे विचारायचे नाही, तो ‘घालवायचा’. ‘मुक्ती’ शब्दाची गत तर ह्याहून वाईट. ज्या भाषेतल्या संतांनी मुक्तीही नको, भक्तीसाठी पुन्हा जन्म द्या असे देवाला ऐकवले, त्या भाषेत मुक्ती दुपारच्या चहाआधी पाच मिनिटांत मिळू लागली आहे.

आता ह्या पाच मिनिटांत खरोखर काय होते ते प्रामाणिकपणे मांडू. सावकाश, लांब श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. हे शरीराचे साधे कार्य आहे, त्यात गूढ काही नाही. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेत काही वेळ बसले की नाडी आणि रक्तदाब थोडे उतरतात, स्नायू सैल पडतात, मन जरा स्थिरावते. नियमित सरावाने ताण कमी जाणवतो असे सांगणारे अभ्यासही आहेत. पण त्यांतल्या अनेकांत माणसे थोडी आणि कालावधी छोटा असतो. शिवाय आपण योग करीत आहोत हे करणाऱ्याला माहीतच असते, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. म्हणजे उपयोग आहे, आणि तो मर्यादित आहे. योगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याची रीत महाराष्ट्रात नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच साली ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसन आणि प्राणायाम ह्यांनी शरीरात काय घडते हे यंत्रांनी मोजून पाहण्याचा तो उद्योग होता. मोजण्याची ती शिस्त सोडून ‘सर्व तणावांवर एकच उपाय’ असे फलक लावणारे आज त्याच परंपरेचे नाव घेतात.

आमचा आक्षेप ह्या मर्यादित उपयोगाला नाही. तो त्यावर उभारलेल्या इमल्याला आहे. १ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने ‘वाय-ब्रेक’ नावाचे ॲप काढले. कामाच्या ठिकाणी पाच मिनिटांत करायची आसने, प्राणायाम आणि ध्यान असा तो क्रम आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांत त्याचा प्रसार करावा असेही लगोलग सांगण्यात आले. त्याचा हेतू तीन क्रियापदांत सांगितला गेला: ताण हलका करणे, ताजेतवाने होणे आणि पुन्हा कामात लक्ष लावणे. साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्या तिसऱ्या क्रियापदावर थांबावे. पहिली दोन माणसासाठी आहेत. तिसरे कामासाठी आहे. काम किती आहे, कोणाचे आहे, त्याचा मोबदला मिळतो का, हे प्रश्न ह्या क्रमात कुठेच येत नाहीत. पतंजलीच्या सुमारे दोनशे सूत्रांत आसनाच्या वाट्याला अवघी तीन सूत्रे आली आहेत, आणि त्याआधी येतात यम. यमांत अहिंसा आहे, सत्य आहे, अस्तेय आहे, अपरिग्रह आहे. परंपरेचेच नाव घ्यायचे तर कर्मचाऱ्याला आसन शिकवण्याआधी संस्थेने अस्तेय पाळावे. दुसऱ्याचा वेळ न देता घेणे ही चोरीच आहे.

हे सारे सातारा जिल्ह्यात बसून बोलायला एक खास कारण आहे. व्यायामाला सार्वजनिक धोरणाचे रूप देण्याचा एक मोठा प्रयोग ह्याच मातीत झाला. औंध संस्थान बहात्तर गावांचे, आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कार आपल्या शाळांत सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली, स्वतः ते आयुष्यभर घातले. १९३८ साली त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनहून निघाले. ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून जे आज सांगितले जाते त्याचे एक महत्त्वाचे अलीकडचे पान असे खटाव तालुक्यात लिहिलेले आहे.

ते पान वाचताना काही गोष्टी अडचणीच्या निघतात. राजेसाहेबांनी आधी सुमारे दहा वर्षे युजेन सँडो ह्या युरोपीय व्यायामपटूच्या पद्धतीने शरीर कमावले होते. नमस्कारांकडे ते वळले मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून. नमस्कार त्याआधीही होते. समर्थ रामदास रोज नमस्कार घालीत असे सज्जनगडाची परंपरा सांगते. पण आज ज्या क्रमाला ‘सूर्यनमस्कार’ म्हणतात तो हठप्रदीपिकेच्या आसनांत नाही, आणि औंधात तो योग म्हणून नव्हे तर व्यायाम म्हणून, आरोग्यासाठी, स्त्रीपुरुष दोघांनी करायचा म्हणून शिकवला गेला. शाळकरी मुलाचा किंवा शेतकऱ्याचा ‘ताण’ घालवण्याची भाषा त्यामागे नव्हती. शरीर बळकट असावे, हा त्याचा उघड हेतू होता.

ह्याच राजाने १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने आणि पुत्र अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन ह्यांच्या साहाय्याने, आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या केलेल्या लोकप्रतिनिधींच्या हाती सोपवली. नमस्कार घातल्याने स्वराज्य आले असा भाबडा कार्यकारणभाव आम्ही जोडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कारकिर्दीत शेजारी शेजारी उभ्या होत्या, एवढेच आमचे म्हणणे. प्रजेला वाकायला सांगणारा राजा स्वतःही वाकला. आजच्या व्यवस्थापनांनी औंधातून पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी ठेवून दिली. कर्मचाऱ्याने पाठीचा कणा वाकवावा. अधिकाराच्या कण्याला मात्र कोणी हात लावू नये.

कोणी म्हणेल, औंधातही सक्तीच होती. राजाच्या हौसेपायी पोरांना वाकावे लागले. खरे आहे, आणि ती सक्ती आम्ही गोड मानून घेत नाही. ह्या बाबतीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आमच्या वर्गांत पुन्हा एकदा वाचावी असे सुचवतो. माणदेशातल्या धनगरांच्या त्या वाडीत तरुण मास्तर लोकांना हाताशी धरून तालीम बांधतो आणि तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात. व्यायामाविषयीची राजाची आस्था शेवटच्या वाडीपर्यंत कशी झिरपली होती ह्याचे ते चित्र आहे. माडगूळकर त्या तालमीची टिंगल करीत नाहीत. माणसे एकत्र येऊन काही उभारतात ह्याचा आनंद त्या पानांत आहे. पण कादंबरी तिथे संपत नाही. पुढे दुष्काळ पडतो, चारा संपतो, मेंढरे मरतात आणि वाडी उठून जाते. तालीम जागच्या जागी राहते. कमावलेले दंड हे न पडलेल्या पावसाला उत्तर नव्हते. तालीम निरुपयोगी होती असा ह्याचा अर्थ लावणे हे वाईट वाचन ठरेल. तालीम असताना वाडी का उठली असा प्रश्न धनगरांच्या मनोबलाला विचारणे हे त्याहून वाईट. तणावमुक्तीची शिबिरे नेमके हे दुसरे वाचन करतात.

आमच्याच क्षेत्रातले उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत पुष्कळसे अध्यापन तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांच्या खांद्यावर चालते. घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. सुट्टीचे मिळत नाही, उत्तरपत्रिका आणि तयारीच्या रात्रींचे मिळत नाही, आणि जे मिळायचे ते अनेकदा महिनोन्महिने अडते. पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही हे कोणी सांगत नाही. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली, संशोधन पूर्ण केलेली, चाळिशीकडे झुकलेली ही माणसे आहेत. अशा सहकाऱ्यांना एका महाविद्यालयात ‘अध्यापकांसाठी तणाव व्यवस्थापन’ ह्या योगसत्राला बोलावलेले आम्ही पाहिले आहे. उपस्थिती सक्तीची होती. छायाचित्रे काढली गेली, अहवाल फायलीला लागला. त्या सकाळचे मानधन तासिकावाल्यांना मिळाले नाही, कारण योगाचा तास हा वेळापत्रकातला तास नव्हता. ज्यांच्या ताणाचे कारण न मिळालेले मानधन होते, त्यांच्याकडून ताण घालवण्यासाठी आणखी एक बिनमानधनाची सकाळ घेतली गेली. ह्याला उपहास म्हणावे तर उपहासाला हेतू लागतो. इथे तोही नव्हता. सगळे मनापासून चालले होते, आणि हेच अधिक गंभीर आहे.

ह्या टप्प्यावर आमचे काही पुरोगामी मित्र समाधानाने मान डोलावतील. त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. योग म्हटले की नाक मुरडायचे, श्वास मोजणाऱ्याला व्यवस्थेचा बळी ठरवायचे, आणि व्यवस्था बदलल्याखेरीज सुटकेचा श्वास घेणेही पाप मानायचे, ही भूमिका आम्हांला क्रूर वाटते. २०१९च्या महापुरात सांगली शहरात पाणी शिरले, घरे दिवसच्या दिवस पाण्यात राहिली. त्यानंतर पावसाची सर आली की छातीत धडधडणाऱ्या माणसाला, धरणातून पाणी कसे आणि कधी सोडायचे ह्याचे धोरण बदलेपर्यंत थांब, असे सांगायचे काय? धोरण बदललेच पाहिजे, आणि आज रात्री त्याला झोपही लागली पाहिजे. ‘ताणून देणे’ म्हणजे गाढ झोपणे, असेही आपली भाषाच म्हणते. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या बाईने दाराआड दहा मिनिटे पाठ टेकून श्वासाकडे लक्ष दिले तर ती कोणाची फसवणूक करीत नाही. शरीराला तुच्छ लेखण्याची सवय आपल्या साहित्यिक वर्तुळांत जुनी आहे. तिला क्रांतीची वस्त्रे चढवून ती पवित्र होत नाही.

तेव्हा भेद योग आणि अयोग असा नाही. तो घेतलेल्या विश्रांतीत आणि नेमून दिलेल्या विश्रांतीत आहे. पहिली माणसाच्या मालकीची असते. ती केव्हा घ्यायची, कशी घ्यायची, घ्यायची की नाही हे तो ठरवतो. दुसरी मालकाच्या मालकीची असते आणि तिचा हिशेब कामगिरीच्या वहीत मांडला जातो. श्वास तोच, आसन तेच. त्याचा अर्थ मात्र बदलतो. संदर्भ बदलला की अर्थ बदलतो हे आम्ही वर्गात रोज शिकवतो. ते सूचनाफलक वाचताना विसरण्याचे कारण नाही.

म्हणून आमचे म्हणणे मागण्यांच्या स्वरूपात मांडतो. संस्थांना योगसत्रे घ्यायची असतील तर ती कामाच्या वेळेत घ्यावीत, आणि त्या वेळेचे मानधन तासिकेवरच्या माणसालाही द्यावे. उपस्थिती ऐच्छिक असावी. न येणाऱ्याला कारण विचारू नये, येणाऱ्याचे छायाचित्र काढू नये. श्लोक, मंत्र ह्यांची सक्ती नसावी. २१ जून २०१५च्या पहिल्या योगदिनाआधी सूर्यनमस्कारांवरून उठलेला वाद आणि त्यानंतर कार्यक्रमातून ते वगळले जाणे हे आठवावे, आणि श्वासाला धर्म नसतो हे बोलण्यापुरते न ठेवता आचरावे. शिकवणाऱ्याने उपायाची मर्यादा सांगावी: महिनोन्महिने झोप न लागणे, जगणे नकोसे होणे ह्यांवर दहा मिनिटांचा प्राणायाम हे उत्तर नव्हे, तिथे डॉक्टर लागतो. आणि अखेरची मागणी अशी की सत्र सुरू होण्यापूर्वी संस्थेने एक कोरा कागद फिरवावा, त्यावर प्रत्येकाने नाव न घालता आपल्या ताणाचे कारण लिहावे, आणि ते कागद व्यवस्थापनाने सर्वांसमोर वाचावेत.

हा शेवटचा कार्यक्रमही पाच मिनिटांत होण्यासारखा आहे. त्याला चटई लागत नाही, प्रशिक्षक लागत नाही. ज्या संस्थेला तो झेपेल तिच्या योगवर्गाला आम्ही आनंदाने जाऊ. जिला झेपणार नाही तिने आमच्या श्वासाची काळजी करू नये. थकलेले मानधन तेवढे काढावे.