आधी चाचणी, मग इंजेक्शन

कर्करोगाच्या रेणवीय चाचण्या हे मुंबई-पुण्याच्या बड्या रुग्णालयांचे काम, हा समज धाराशिवने केव्हाच खोटा पाडला आहे. १९९९ मध्ये, जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असताना, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने इथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांतल्या एका गटात गर्भाशयमुखातला एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी एकदाच केली, तरी आठ वर्षांत त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे राहिले.

इम्युनोथेरपीलाही हीच शिस्त हवी. यातली पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक सोडवतात. पण ब्रेक सुटला म्हणून प्रत्येकीची प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडत नाही. गर्भाशयमुखाच्या बळावलेल्या कर्करोगात पीडी-एल१ प्रथिनाची चाचणी होकारार्थी आलेल्यांपैकीही जेमतेम १४ टक्के स्त्रियांना पेम्ब्रोलिझुमॅबचा गुण आला. उलट २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेले गुदाशय-कर्करोगाचे १२ रुग्ण निवडले, आणि डोस्टारलिमॅबने बाराही जणांची गाठ नाहीशी झाली. असा बिघाड या कर्करोगात शंभरात पाच-दहा जणांतच असतो, पण तो ओळखायला बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर चार प्रथिनांची तपासणी पुरते.

औषधच परवडत नाही तर चाचणी कशाला, असे कोणी विचारील. पण जिथे उपचारासाठी जमीन विकावी लागते, तिथे गुण येण्याची शक्यता किती हे आधी कळणे जास्त गरजेचे. शिवाय किंमतही अढळ नाही. टाटाच्या अभ्यासात डोके-मानेच्या कर्करोगात फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, निवोलुमॅब इतर औषधांना जोडले, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चाचण्या चुकतात. फक्त गाठीच्या नमुन्यावरून उत्परिवर्तने मोजणारी चाचणी आशियाई रुग्णांत आकडा फुगवू शकते. कारण ज्या जनुक-संग्रहांशी ती तुलना करते त्यांत आपली माणसे थोडी, म्हणून आनुवंशिक फरकही उत्परिवर्तनात धरले जातात. यावर उपाय चाचणी टाळणे नव्हे, आपल्या रुग्णांवर ती पारखणे आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूमचीही नोंद ठेवणारी बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. पारखीचा पाया तिथे तयार आहे. मात्र १९९९ च्या त्या अभ्यासात एका गटाला तपासणीविना ठेवल्याची टीका झाली होती, ती विसरू नये. म्हणून सरकारी योजनांनी योग्य रुग्णांत चार प्रथिनांच्या तपासणीचा खर्च आधी उचलावा, आणि नमुने देणाऱ्या गावांना निष्कर्षांचा पहिला लाभ मिळेल, अशी अट संशोधनाच्या परवानगीतच घालावी.