चाळीस अश्वशक्तीचा हिशेब

दिवाळीत वहीपूजन आटोपून आम्ही सांगलीला बहिणीच्या घरी फराळाला बसलो असता मेहुणे मला म्हणाले, "अण्णा, तुम्ही बँकेत इतकी वर्षे वाहनकर्जाचे अर्ज तपासलेत. हा एक अर्ज बिनकर्जाचा आहे, तेवढा नामंजूर करून टाका." अर्जदार समोरच चिवड्याची बशी घेऊन बसला होता. माझा भाचा, वय सत्तावीस, कापडाच्या पिढीजात दुकानातला हिशेबी मुलगा. त्याला रॉयल एनफील्डची 'हिमालयन ४५०' ही मोटारसायकल घ्यावयाची होती आणि पुढील उन्हाळ्यात तिच्यावरून हिमाचलातील स्पितीच्या खोऱ्यात जावयाचे होते. पैसे त्याने स्वतःच्या पगारातून साठविलेले होते. तेव्हा नाही म्हणण्यास पैशाची सबब उरली नव्हती.

मेहुण्यांच्या नकाराचे कारण मला ठाऊक होते. त्यांचे वडील राजदूतवर कापडाचे गठ्ठे बांधून जत तालुक्यातील आठवडी बाजार करीत. त्या काळी ते रस्ते म्हणजे खडी आणि धूळ. एका पावसाळी रात्री बाजारातून परतताना ते घसरले. पाय वाचला, परंतु पुढे आयुष्यभर ते लंगडतच पेढी चढले. त्या दिवसापासून त्या घरात मोटारसायकल आली नाही. स्कूटर आल्या, मोटारी आल्या, टेंपो आले; मोटारसायकलीचा विषय निघाला की जेवणाच्या ताटावरही शांतता पसरे.

मी मोटारसायकलीतला जाणकार नव्हे. परंतु बँकेच्या नोकरीत एक सवय जडली होती. अर्जदार काय सांगतो ते ऐकावे आणि मग त्याच्या शेजारच्या दुकानदारांना भेटावे. त्यानुसार मी महिनाभराची मुदत मागून घेतली आणि ज्यांनी ही गाडी स्वतःच्या पैशाने घेऊन चालविली आहे, अशांना भेटत राहिलो.

प्रथम गाडीची ओळख. याच नावाची जुनी गाडी २०१६ साली आली. तिचे इंजिन ४११ सीसीचे, हवेने व तेलाने थंड होणारे, आणि शक्ती सुमारे चोवीस अश्वशक्ती. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेली नवी गाडी नावापुरतीच तिची धाकटी बहीण म्हणावी लागेल. इंजिन ४५२ सीसीचे, पाण्याच्या रेडिएटरने थंड होणारे, गिअर पाचाऐवजी सहा, आणि शक्ती सुमारे चाळीस अश्वशक्ती. वजन मात्र १९६ किलो, म्हणजे जुनीपेक्षा तीन किलोंनी कमीच. पुढचे चाक २१ इंची, मागचे १७ इंची. एवढे मोठे पुढचे चाक दगडाला अडखळत नाही, त्याच्यावरून चढून जाते; बैलगाडीच्या थोरल्या चाकामागेही हाच विचार होता.

मिरजेचे एक प्राध्यापक जुन्या हिमालयनवर सहा वर्षे हिंडले आणि आता नवी चालवितात. त्यांचे मत मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण ते स्तुती करताना मध्येच थांबतात. ते म्हणाले, "जुनी म्हैस होती. कशीही, कितीही हळू न्या, गिअर बदलला नाही तरी कुरकुर नाही. ही घोडी आहे, हिला जागे ठेवावे लागते." त्यांनी कागदावर दोन आकडे लिहून दाखविले. जुन्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७८ मिलीमीटर आणि पिस्टनची धाव ८६. नव्यात व्यास ८४ आणि धाव ८१.५. धाव लांब असलेले इंजिन कमी फेऱ्यांत जोर देते. धाव आखूड झाली की ते जलद फिरते, आणि खरा जोरही जलद फिरतानाच लाभतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या खाली नवी गाडी किंचित रेंगाळते, तेव्हा गिअर खाली आणावा लागतो, असे या गाडीचे अनेक स्वार सांगतात. सराफकट्ट्याच्या गर्दीत हे जाणवते. महामार्गावर मात्र जुनी जिथे दमत असे तिथे ही ट्रकला सहज मागे टाकते. प्राध्यापकांच्या सौभाग्यवतींना मी मागच्या आसनाबद्दल विचारले. त्यांनी एकाच वाक्यात उत्तर दिले, "बसल्यावर सुख आहे, पण बसेपर्यंत माळ्यावर चढल्यासारखे वाटते."

चाळीस अश्वशक्तीची गरज काय, हा मेहुण्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर भाच्याच्या मित्राकडून मिळाले. तो गेल्या वर्षी शिमल्याहून निघून किन्नौर, नाको, ताबो करीत काझाला गेला आणि कुंझुम खिंड ओलांडून मनालीला उतरला. कुंझुमची उंची साडेचार हजार मीटरांहून थोडी अधिक. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. इंजिनाला पेट्रोल जाळावयास तेवढीच हवा कमी मिळते, आणि साधारण त्याच प्रमाणात त्याची शक्ती घटते. माझ्या डोक्यात लगेच त्रैराशिक सुरू झाले. चोवीसची गाडी तिथे चौदाची होते. चाळीसची तेवीसच्या आसपास येते. म्हणजे नवी गाडी कुंझुमवर जेवढा जोर दाखविते, तेवढा जुनी सांगलीत दाखवीत असे. हे गणित मी मेहुण्यांना मांडून दाखविले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "म्हणजे इथे तो जास्तीचे सोळा घोडे घेऊन फिरणार." उत्तर चुकीचे नव्हते.

याच मित्राने बातल ते ग्रंफू या टप्प्याचे वर्णन केले. तिथे रस्ता असा नाहीच. गोटे, वाळू आणि मधूनमधून आडवे वाहणारे बर्फाचे पाणी. त्याच्या सांगण्याप्रमाणे तेथे गाडीवर बसून चालत नाही, फूटरेस्टवर उभे राहावे लागते. गाडी खाली दगडांवर नाचते आणि स्वार गुडघ्यांत तोल धरतो. पुढे व मागे दोनशे-दोनशे मिलीमीटर दबणारे सस्पेन्शन आणि जमिनीपासून २३० मिलीमीटरची उंची यांचे मोल तिथे कळते. सतरा लिटरची टाकी आहे; लिटरला पंचवीस किलोमीटरच धरले तरी सव्वाचारशे किलोमीटर जाते. एक गोष्ट त्याने आवर्जून सांगितली. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून ओढे फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत आणि उजेड असतानाच मुक्काम गाठावा. माझ्या बहिणीचा चेहरा येथे प्रथमच जरा सैलावला. सूर्यास्तापूर्वी जेवण हा तिच्या घरचा नियमच आहे.

सर्वांत खरे बोलल्या त्या कोल्हापूरच्या एक चार्टर्ड अकाउंटंट भगिनी. उंची पाच फूट तीन इंच. या गाडीचे आसन जमिनीपासून ८२५ मिलीमीटरवर आहे, ते ८४५ पर्यंत चढविता येते, आणि वेगळे घेतल्यास ८०५ मिलीमीटरचे आसनही मिळते. त्यांनी तेच घेतले. तरीही पूर्ण पाऊल टेकत नाही, चवडेच टेकतात. "चालताना हिचे वजन कळत नाही. उतारावर थांबून वळविताना दोन क्विंटलांतला प्रत्येक किलो कळतो," असे त्या म्हणाल्या. पहिल्या तीन महिन्यांत गाडी चार वेळा आडवी झाली, चारही वेळा उभ्या-उभ्या. हे त्यांनी न लपविता सांगितले आणि आडवी गाडी उचलावी कशी तेही दाखविले. प्रथम इंजिन बंद करावे. गाडी गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे ती घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर डावीकडचे साइड स्टँड आधीच काढून ठेवावे. मग गाडीकडे पाठ करून, कंबर आसनाला टेकवून, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची चौकट धरून पायांच्या बळावर लहान पावलांनी मागे सरकत जावे. पाठीने उचलावयास गेले की कंबर धरलीच म्हणून समजा.

आता माझा प्रांत. आरंभी ही गाडी शोरूमच्या भावाने २ लक्ष ६९ हजारांपासून मिळत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि ३५० सीसी ही लक्ष्मणरेषा झाली. तिच्या आतील मोटारसायकलींवर २८ ऐवजी १८ टक्के; तिच्यावरील गाड्यांवर उपकरासह ३१ टक्के होते, ते ४० झाले. करापूर्वी एक लक्ष किमतीच्या दोन गाड्या घेतल्या तर पूर्वी त्यांच्यात तीन हजारांचे अंतर पडे, आता बावीस हजारांचे पडते. ती दुकानाच्या नावावर घेऊन जीएसटीची वजावट मागू म्हणणाऱ्या व्यापारी बंधूंनी तो विचार सोडावा. वापरासाठी घेतलेल्या अशा वाहनावर ती मिळत नाही. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे त्याचा हप्ता दीडशेहून अधिक ते ३५० सीसीपर्यंत ७,३६५ रुपये आणि त्यावर १५,११७ रुपये, कर वेगळा. हेल्मेट, संरक्षक जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांचे कवच यांचा खर्च कोणीही गाडीच्या अंदाजपत्रकात धरीत नाही, आणि तोच आधी धरावयास हवा. जॅकेटच्या चामड्याचा प्रश्न घरात निघाला, तेव्हा भाच्याने कॉर्डुरा नायलॉनचा नमुना दुकानातूनच आणून दाखविला. कापडात तरी त्याला कोणी शिकवावे असे नाही. चाकांचेही पाहून घ्यावे. प्रारंभीच्या गाड्यांना तारांच्या चाकांत ट्यूब होती, पुढे ट्यूबलेस चाकांचा पर्याय जास्तीच्या किमतीत आला. ओसाड रस्त्यावर पंक्चर झाले असता ट्यूब बदलणे आणि बाहेरून दट्ट्या मारणे यांत तासाभराचा फरक पडतो.

एवढे सारे ऐकून मी भाच्याला बँकवाल्याचा सल्ला दिला. वर्षाचे बावन्न आठवडे. त्यांतील पन्नास तू पेठेतच फिरणार. त्यासाठी साडेतीनशेच्या आतली गाडी पुरे. उरलेल्या दोन आठवड्यांसाठी मनालीत मोटारसायकली भाड्याने मिळतात. हिशेब चोख होता. भाचा निरुत्तर झाला, पण शेजारी बसलेल्या प्राध्यापकांनी मला अडविले. "साहेब, भाड्याच्या गाडीची पहिली ओळख डोंगराच्या पायथ्याशी होते. तिचा ब्रेक किती दाबला की चाक अडते, ती कोणत्या गिअरमध्ये रडते, हे कळावयास मला आठ महिने लागले. ते आठ महिने मी दंडोब्याच्या वाटेवर घालविले, म्हणून पुढे वरती पडलो नाही."

माझ्या वहीत या आठ महिन्यांसाठी रकाना नव्हता. विचार करता मला हेही जाणवले, की राजदूतवरून जाणाऱ्या आजोबांना आपला रस्ता पाठ होता. त्या रात्री त्यांना अंधाराने आणि पावसाने गाठले होते.

मी शेरा लिहिला तो सशर्त मंजुरीचा. मेहुण्यांनी तो दोनदा वाचला. पुढच्या रविवारी ते स्वतः शोरूममध्ये आले, गाडीवर बसले, टाचा टेकत नाहीत हे पाहून उतरले. मग विक्रेत्याला म्हणाले, "ही आडवी पाडून उचलून दाखवा." तो मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. शेवटी भाच्यानेच गाडीकडे पाठ करून, कंबर टेकवून, न पाडताच सारी कृती करून दाखविली.

गाडी गुढीपाडव्याला येणार आहे. तोवर भाचा दर रविवारी सकाळी मित्राच्या हिमालयनवर दंडोब्याच्या कच्च्या वाटेने शिकावयास जातो. बहीण सांगत होती, मेहुणेही जातात; स्कूटरवरून, थोडे अंतर ठेवून, त्याच्या मागे.